द सर्चर्स की डान्सेस विथ वुल्व्हज? एकच बघायचा असेल तर

परवा एका मित्राने विचारलं की हॉलिवूडच्या वेस्टर्नमध्ये, म्हणजे काउबॉयवाल्या पिक्चरमध्ये, अमेरिकेच्या मूळनिवासी लोकांना कसं दाखवलंय ते समजून घ्यायला एकच पिक्चर बघायचा तर कुठला, कारण त्याच्याकडे एकच रविवार मोकळा होता. हा प्रश्न मला दोन वर्षांपूर्वी स्वतःलाच पडला होता, तेव्हा मी आईला शेजारी बसवून लागोपाठच्या दोन रविवारी दोन्ही लावले होते. म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहितोय. सर्चर्सचा दिग्दर्शक जॉन फोर्ड, डान्सेसचा केव्हिन कॉस्टनर आणि त्यात हिरोही तोच. आणि कथा फुटणार आहे, सांगून ठेवतो.

वरवर बघितलं तर निवड एकदम सोपी आहे. एकीकडे १९५६ चा द सर्चर्स, जॉन वेनचा, ज्यात कोमान्ची ही मूळनिवासी टोळी म्हणजे घरं जाळणारे आणि पोरी पळवणारे. त्यांचा सरदार स्कार झालाय हेन्री ब्रँडन, हा जर्मनीत जन्मलेला नट, तोंडाला रंग फासलाय पण डोळे निळे ते निळेच. मागे उभे असलेले कोमान्ची प्रत्यक्षात नवाहो या दुसऱ्याच टोळीचे, कारण शूटिंग मॉन्युमेंट व्हॅलीत झालं आणि ती नवाहोंची जमीन. गोष्ट मात्र टेक्ससची. म्हणजे कोल्हापूरची गोष्ट सांगायची आणि लडाखमध्ये शूट करायचं, तसला प्रकार.

दुसरीकडे १९९० चा डान्सेस विथ वुल्व्हज. यात खरे मूळनिवासी नट, भरपूर संवाद लाकोटा या टोळीच्या भाषेत आणि खाली सबटायटल्स. भाषा शिकवायला डोरिस लीडर चार्ज या लाकोटा शिक्षिका होत्या, पिक्चरमध्ये छोटं कामही केलंय त्यांनी. यावर रसेल मीन्स या लाकोटा कार्यकर्त्याने मजेशीर टोमणा मारला होता. लाकोटात बाईच्या आणि पुरुषाच्या बोलण्यात फरक असतो, आणि शिकवायला बाई, त्यामुळे काही ठिकाणी हे धिप्पाड योद्धे बायकांसारखं बोलतात. आपल्याकडे एखादा मावळा भाला उगारून "मी निघाले" म्हणाला तर कसं वाटेल, तसं काहीतरी. पण निदान प्रयत्न केला ना, १९५६ मध्ये तेवढाही केला नव्हता. ग्रॅहम ग्रीनला किकिंग बर्ड या लाकोटा पात्रासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं, तो स्वतः ओनायडा या मूळनिवासी टोळीतला होता. पिक्चरला सात ऑस्कर मिळाली. सर्चर्सला एक नामांकनसुद्धा नाही.

हे सगळं वाचून मी अर्थातच डान्सेस आधी लावला. आणि खोटं कशाला बोलू, पहिला दीड तास मस्त गेला. बायसन (रानगवा) कसा असतो ते डनबार, म्हणजे लाकोटांत जाऊन राहिलेला गोरा सैनिक, हातवारे करून, पाठीवर कुबड करून दाखवतो आणि समोरचे "टटांका" म्हणतात तो सीन आईला इतका आवडला की दोन दिवस घरात टटांका चालू होतं. शिकारीचा सीन साउथ डकोटातल्या एका रँचवर खऱ्या कळपात शूट केलाय, सुमारे साडेतीन हजार जनावरं, एकही कॉम्प्युटरवर काढलेलं नाही, आणि ते जाणवतं.

मग प्रेमप्रकरण सुरू झालं. डनबार ज्या बाईच्या प्रेमात पडतो ती स्टँड्स विथ अ फिस्ट, राहते लाकोटांत, बोलते लाकोटा, पण मूळची गोरी, लहानपणी घरच्यांना पॉनी या दुसऱ्या टोळीने मारलं म्हणून या लोकांनी वाढवलेली. मी सबटायटल्स वाचून दाखवत होतो तर आई मध्येच म्हणाली, "अरे, एवढी मोठी वस्ती, त्यात याला नेमकी गोरीच सापडली? म्हणजे जातीतलीच झाली की सोयरीक."

मी पॉज केला. हा पिक्चर मी त्याआधी दोनदा बघितला होता आणि हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. एका वाक्यात सगळा खेळ उघडा पडला. तीन तास आपल्याला सांगतात की हा माणूस सगळं सोडून त्यांच्यातला झाला, पण लग्नाची वेळ आली तेव्हा लेखकाने गुपचूप जातीतलं स्थळ आणून ठेवलं, म्हणजे तिकीट काढून आलेल्या कुणालाच अवघडायला नको. आता कोणी म्हणेल की दुभाषी हवी होती म्हणून ती गोरी आहे, कथेची गरज आहे वगैरे. असेलही. पण एकदा हे दिसलं की मग बाकीचंही दिसायला लागतं. लाकोटा सगळे गोड, पॉनी सगळे क्रूर, म्हणजे वाईट रेड इंडियन लागतोच, फक्त टोळी बदलली. (१८७३ मध्ये नेब्रास्कात याच्या उलट झालं होतं, लाकोटांनी पॉनींच्या शिकारीला निघालेल्या तांड्यावर हल्ला करून बायकापोरांसकट कापून काढलं होतं.) वर डनबारची ती डायरी. सगळा वेळ तो आवाज आपल्या कानात सांगत राहतो की हे लोक किती चांगले आहेत आणि मला किती छान वाटतंय. शेवटी तो आणि बायको बर्फातून निघून जातात आणि पडद्यावर अक्षरं येतात की तेरा वर्षांनी शेवटचे स्वतंत्र सू (लाकोटा त्यांच्यातलेच) शरण गेले. संपले बिचारे. आपण डोळे पुसून उठायचं, आणि आपल्या अंगाला काही चिकटत नाही.

पुढच्या रविवारी सर्चर्स. खरं सांगायचं तर मला भीती होती की आईसमोर हे लावतोय, फार जुनाट निघेल. काही भाग निघालाच. मार्टिन, म्हणजे पळवलेल्या मुलीच्या शोधात हिरोबरोबर निघालेला तरुण, चुकून एका कोमान्ची बाईशी सौदा करून बसतो, तो घोंगडी घेतोय असं समजतो आणि प्रत्यक्षात ती बायको म्हणून मागे येते, लूक तिचं नाव. ती रात्री शेजारी येऊन आडवी होते तर हा तिला लाथ मारून उतारावरून गडगडत खाली पाठवतो, आणि इथे आपण हसायचं आहे. आई हसली नाही, मीही नाही. याचं समर्थन करायला मी बसलेलो नाही. एवढंच सांगतो की थोड्या वेळाने तीच लूक घोडदळाने उद्ध्वस्त केलेल्या वस्तीत मेलेली सापडते आणि मार्टिन विचारतो की हिला कशाला मारलं सैनिकांनी, हिने कोणाचं काय वाकडं केलं होतं. दिग्दर्शकाला आधीच्या विनोदाची लाज वाटली की नाही मला माहीत नाही, पण सीन आहे.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. डान्सेसने जो प्रश्न गोरी नवरी आणून टाळला, तो प्रश्न म्हणजेच हा अख्खा पिक्चर आहे. ईथन, म्हणजे जॉन वेन, आपल्या पळवलेल्या पुतणीला, डेबीला, पाच वर्षं शोधतो आणि मध्यावर कधीतरी कळतं की तो तिला सोडवायला नाही तर मारायला निघालाय, कारण ती आता कोमान्चीची बायको झालीय. इच्छापत्र करतो तेव्हा सरळ म्हणतो की मला रक्ताचं कोणी उरलं नाही. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे लॉरी, गोड शेजारीण, मार्टिनची होणारी बायको, ती पांढऱ्या लग्नाच्या ड्रेसमध्ये उभी राहून सांगते की डेबीला गोळी घातलेलीच बरी, तिच्या आईलासुद्धा तेच वाटलं असतं. इथे आई एकदम गप्प झाली. घराण्याच्या अब्रूसाठी आपलीच पोरगी मारायला निघालेला काका आपल्याला समजावून सांगावा लागत नाही, आपल्याकडे तो पेपरात असतो.

आणि कोणी काही बोलून दाखवत नाही. सुरुवातीला छोटी डेबी एका थडग्याच्या दगडाशी लपते, त्यावर कोरलंय की ईथनच्या आईला १८५२ मध्ये कोमान्चींनी मारलं. कॅमेरा जेमतेम थांबतो, एकही पात्र त्याचा उल्लेख करत नाही, मला तिसऱ्यांदा बघताना दिसलं. तसंच स्कारचं. त्याची दोन मुलं गोऱ्यांनी मारलीत, त्यांचा सूड तो घेतोय, दोन वाक्यांत सांगतो आणि पुढे जातो. म्हणजे ईथन आणि तो आरशासमोर उभे. शेवटी टाळू सोलतो तोही ईथनच, मेलेल्या स्कारची.

या गोष्टीमागे खरी घटना आहे असं मानतात. सिंथिया अ‍ॅन पार्कर, १८३६ मध्ये टेक्ससमधून कोमान्चींनी नेली तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांची, चोवीस वर्षं त्यांच्यात राहिली, तिथेच लग्न, तीन मुलं, त्यातला क्वाना पुढे मोठा नेता झाला. १८६० मध्ये टेक्ससच्या सशस्त्र दलाने, रेंजर्सनी, तिला "सोडवली" आणि ती परत कोमान्चींकडे पळून जायचा प्रयत्न करत राहिली. पिक्चरमध्ये हे उलटं केलंय, डेबी घरी येते आणि सगळे खूश. तेवढा खोटेपणा याही पिक्चरमध्ये आहे, मान्य.

बरं, डान्सेस वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. घरात दहा-बारा वर्षांची पोरं असतील तर तोच लावा, लाकोटा भाषा कानावर पडणं हीच मोठी गोष्ट आहे आणि विंड इन हिज हेअर हा लाकोटा योद्धा कड्यावरून ओरडतो तिथे माझ्या घशात अजूनही आवंढा येतो. फक्त तीन तासांचाच लावा, तो चार तासांचा कट आहे त्याच्या वाटेला जाऊ नका, आमच्याकडे मध्ये जेवणं होऊन भांडी घासून झाली तरी डनबार डायरी लिहीतच होता. सर्चर्स दोन तासांत संपतो. तो मोबाईलवर बघू नका, त्या दरीत घोडेस्वार मुंग्यांएवढे दिसतात, मोठ्या टीव्हीवर दुपारी पडदे ओढून बघा. मित्राला मी सर्चर्सच पाठवला शेवटी. त्याचा अजून मेसेज आलेला नाही, बहुतेक लूकच्या सीनला चिडून बंद केला असेल.