पाद्रोन २००० माडुरो: परवडणारा गडद सिगार, पण घाई न चालणारा

हाताने वळलेला, अखंड पानांचा, गडद रॅपरचा (रॅपर म्हणजे सगळ्यात बाहेरचं पान) सिगार हवा आणि खिशाला फार मोठी कात्रीही नको, असं कुणी म्हटलं की आम्ही पहिलं नाव घेतो ते पाद्रोन २००० माडुरोचं. माडुरो म्हणजे गडद रॅपरचा सिगार. याच घराण्यातल्या ‘१९६४ अ‍ॅनिव्हर्सरी’ आणि ‘१९२६ सेरी’ या मालिकांचा बोलबाला मोठा आणि किंमतही तशीच. २००० हा कंपनीच्या जुन्या, साध्या मालिकेतला. आमचं मत आधीच सांगून टाकतो: पैशाच्या मानाने यात चव भरपूर आहे, पण ती मिळायला सिगार जरा कोरडा आणि झुरके जरा विरळ हवेत. या दोन गोष्टी चुकल्या की हाच सिगार उग्र, कडवट लागतो आणि खापर बिचाऱ्या पानावर फुटतं.

लांबी ५ इंच, रिंग गेज ५०. एक गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, तेव्हा जाडी झाली जवळपास २० मिलिमीटर. या आकाराला रोबुस्तो म्हणतात. १९६४ सारखा हा दाबून चौकोनी केलेला नसतो, गोलच असतो. रॅपर, बाइंडर (त्याच्या आतलं, सिगार बांधून ठेवणारं पान) आणि फिलर (मधला भराव) तिन्ही निकाराग्वाचे. पान किमान अडीच वर्षं मुरवलेलं असतं. १९६४ साठी हाच काळ ४ वर्षांचा आणि १९२६ साठी ५ वर्षांचा. किमतीतली तफावत बरीचशी इथून येते, कारण गोदामात मुरत पडलेलं पान म्हणजे अडकून पडलेलं भांडवल. म्हणूनच २००० घेऊन लगेच पेटवण्यापेक्षा काही महिने नीट ठेवावा. मिरीचा तिखटपणा उतरतो आणि कोको वर येतो. महागड्या भावंडाची बरोबरी होत नाही, पण अंतर नक्की कमी होतं.

कंपनीबद्दल थोडक्यात. क्युबातून बाहेर पडलेल्या होसे ओर्लांदो पाद्रोन यांनी १९६४ मध्ये मायामीत ती सुरू केली. भांडवल जमवण्यासाठी ते सुतारकाम करायचे, आणि त्यासाठी एका मित्राने दिलेली छोटी हातोडी पुढे या घराण्याची खूण बनली. १९७० मध्ये सिगार वळण्याचं काम निकाराग्वातल्या एस्तेलीत सुरू झालं. १९२६ हे त्यांचं जन्मवर्ष.

आता रंगाकडे वळू, कारण गडद सिगारबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. काळपट म्हणजे कडक, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. माडुरोसाठी जाड, तेलकट पान निवडतात. ते ओलसर करून त्याची मोठी गंजी लावतात. गंजीच्या पोटात उष्णता आपोआप चढत जाते, ५० अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याच्याही वर. ठरावीक तापमान गाठलं की गंजी फोडायची, आतली पानं बाहेर, बाहेरची आत, आणि पुन्हा रचायची. यात अमोनिया निघून जातो, बोचरेपणा मोडतो आणि पान तपकिरीवरून जवळजवळ काळ्यावर येतं. पातळ पान एवढी ऊब सोसत नाही, फाटतं. म्हणजे गडद रंग ही लांबलेल्या आंबवणीची खूण आहे, निकोटीनची नव्हे. कडकपणा ठरतो आतल्या फिलरमध्ये लिगेरो किती आहे यावर. लिगेरो म्हणजे झाडाच्या शेंड्याकडचं, भरपूर ऊन खाल्लेलं पान. ते सावकाश जळतं, म्हणून वळताना बरोबर मध्यभागी ठेवतात. २००० चा जोर मध्यम ते भरदार, आणि तो या गाभ्यातून येतो. रॅपर देतं ते गोडसर अंग.

हातात घेतल्यावर हा सिगार देखणा वाटत नाही. शिरा ठळक, पृष्ठभाग किंचित खडबडीत, रंग कुठे कॉफीसारखा तर कुठे अधिक काळा. यात काही वावगं नाही. खऱ्या आंबवणीत रंग असाच कमीजास्त उतरतो. उलट टोकापासून टोकापर्यंत एकसारखा कुळकुळीत रंग असेल आणि ओठांना गडद डाग पडत असेल, तर पानाला वरून रंग दिल्याची शंका घ्यावी. किंचित तपकिरी झाक ओठावर उतरणं मात्र कुठल्याही माडुरोत होतं.

विकत घेताना पेटवायच्या टोकापासून डोक्यापर्यंत अंगठा आणि तर्जनीने हलकेच दाबत जा. सगळीकडे सारखाच लवचीकपणा लागला पाहिजे. एखादी जागा पोकळ लागली तर तिथे सिगार भराभर आणि तापून जळेल. गाठीसारखी कडक लागली तर तिथे धूर अडेल. पान दाबल्यावर चुरचुर आवाज आला तर सिगार सुकलाय. पायाकडून, म्हणजे पेटवायच्या टोकाकडून, आत पाहिलं की पानांच्या घड्यांमध्ये बारीक फटी दिसायला हव्यात. सगळं एकजीव चिकटलेलं दिसलं की ओढताना गाल दुखणार. टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं म्हणजे तंबाखूचा भुंगा, तो सिगार बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळा करायचा. हिरवट-पांढरी, केसाळ, कुबट वासाची लव म्हणजे बुरशी. ती पायाच्या आत शिरली असेल तर सिगार टाकून द्यावा.

साठवणीबद्दल आमचा थोडा हट्ट आहे. ह्युमिडॉरची, म्हणजे सिगार साठवायच्या पेटीची, सापेक्ष आर्द्रता ७० टक्के ठेवा, असं सरधोपट सांगितलं जातं. जाड रॅपरच्या माडुरोला ती जास्त होते. २००० साठी ६५ टक्के आणि १८ ते २० अंश हे आम्हाला सगळ्यात बरोबर वाटतं. जाड, तेलकट पान ओलावा धरून ठेवतं आणि मुळातच सावकाश पेटतं. त्यात ते दमट असलं की आतला फिलर पुढे जळत जातो आणि रॅपर मागे राहतं. निम्म्या तक्रारींचं मूळ इथे सापडतं. तापमान २४-२५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका, भुंग्याची अंडी त्या उबेत फुटतात. नवीन सिगार आले की निदान दोन आठवडे न पेटवता राहू द्यावेत.

आर्द्रता मोजणारं यंत्र खरं बोलतंय का, हे एकदा तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या आणि ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी घाला. मीठ विरघळता कामा नये. हे झाकण आणि यंत्र हवाबंद पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ दिसायला हवा. ७१ दिसला तर तुमचं यंत्र ४ टक्के कमी दाखवतंय, आणि तुम्ही ६५ समजून सिगार ६९ वर ठेवत होता.

कापताना फक्त टोपीचा, म्हणजे डोक्यावर चिकटवलेल्या पानाच्या तुकड्याचा, शेंडा जायला हवा. सिगारचा गोल खांदा जिथे सरळ होतो त्या रेषेच्या वर, दीड ते दोन मिलिमीटर, बस्स. त्याखाली पातं गेलं की टोपीची पकड सुटते आणि रॅपर उलगडायला लागतं. कटर बोथट असेल तर पान कापलं न जाता चिरडतं. पंचने पाडलेलं भोक चालतं, पण या सिगारला आम्ही सरळ काप सुचवू. लहान भोकाभोवती डांबर साचतं आणि शेवटच्या टप्प्यात जिभेवर येतं. कापल्यावर न पेटवताच एकदोन झुरके घ्या. पातळ नळीतून पाणी ओढल्याइतपत अडथळा हवा. चवीत कोरडा कोको आणि मनुका जाणवतात. हवाच येत नसेल तर हा सिगार आज पेटवू नका, २-३ दिवस कोरड्या जागी ठेवून पुन्हा बघा.

पेटवण्यासाठी ब्युटेनचा लायटर किंवा लाकडी काडी. पेट्रोलच्या लायटरचा वास पहिल्या अर्ध्या इंचात उतरतो, आणि काडीचं गुल पूर्ण जळून जाईपर्यंत ती सिगारजवळ नेऊ नये. ज्योत पायाला टेकवायची नाही. एक-दीड सेंटिमीटर खाली धरून सिगार सावकाश फिरवत राहायचं. माडुरोत कडेकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. मधला भाग लवकर लाल होतो, पण कडेचं जाड पान नुसतंच करपल्यासारखं दिसतं आणि पेटलेलं नसतं. म्हणून कडेभोवती बारीक नारिंगी रेघ पूर्ण गोल फिरलेली दिसेपर्यंत थांबा. मग तोंडात धरून दोन-तीन छोटे झुरके, आणि निखाऱ्यावर हलकी फुंकर. कुठे काळा तुकडा राहिला असेल तर तेवढ्यालाच ज्योत दाखवा. इथे अर्धा मिनिट जास्त दिला की पुढचा पाऊण तास सुखाचा जातो.

पहिले काही झुरके मिरीचे. जिभेच्या शेंड्यापेक्षा घशाच्या सुरुवातीला जास्त जाणवतात. ते ओसरले की कडू कोको, ओली माती आणि खरपूस भाजलेल्या दाण्यांचा खमंगपणा येतो. मधला तिसरा हिस्सा या सिगारचा खरा ऐवज. तिथे काळ्या कॉफीची चव पुढे येते आणि तिच्या मागोमाग किंचित करपलेल्या साखरेचा गोडवा, जो धूर सोडल्यावर टाळूवर रेंगाळतो. हा गोडवा नीट पकडायचा असेल तर धूर तोंडात २-३ सेकंद फिरवून बहुतेक बाहेर सोडा आणि उरलेला थोडासाच नाकातून सोडा. फुफ्फुसात ओढायचा नाही. नाकातून सोडताना मिरी झोंबते, पण त्याच वेळी देवदाराच्या लाकडाचा जो गंध लागतो तो नुसत्या जिभेला कळतच नाही. शेवटचा हिस्सा चामड्याकडे झुकतो, जोर वाढतो, गोडवा आटतो. शेवटच्या दीड इंचात तो तापू लागला की हट्टाने संपवण्यात अर्थ नाही, ठेवून द्यावा. विझताना तो आपोआप विझू द्या; चिरडला तर खोलीभर घाण वास सुटतो.

गती मिनिटाला एक झुरका. याहून वेगाने ओढलं की निखारा तापतो, पानातली साखर आणि तेल करपतं आणि कोकोची जागा डांबर घेतं. माडुरोत हे साध्या रॅपरपेक्षा लवकर होतं. कडवटपणा आलाच तर सिगार फुंकून दोन-तीन सेकंद आतला शिळा धूर बाहेर काढा आणि दोन मिनिटं हात आवरा. बहुतेक वेळा चव परत येते.

जळणं बिघडलं तर आधी कारण ओळखा. एक बाजू पुढे धावत असेल तर मागे पडलेली बाजू खाली करा. खालून हवा जास्त मिळते. अर्ध्या इंचाहून जास्त फरक पडला तरच लायटरने मागची कड जाळा. रॅपर शाबूत आणि आत पोकळ बोगदा झाला असेल, तर सिगार दमट होता किंवा कडा नीट पेटल्या नव्हत्या. राख झाडा, कड पूर्ण गोल पुन्हा पेटवा. रॅपर तडकलं तर ओलाव्यात अचानक बदल झालाय. वारंवार विझत असेल तर झुरके फार विरळ पडताहेत किंवा मधली पानं फार ओली आहेत. विझलेला सिगार पुन्हा पेटवण्याआधी राख पूर्ण काढा आणि पेटवताना पहिल्यांदा बाहेर फुंका, नाहीतर पहिला झुरका राखेचा लागतो.

उपाशीपोटी याच्या वाटेला जाऊ नये. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे तो न गिळताही निकोटीन तोंडातूनच रक्तात जातं. घाम फुटला, मळमळलं तर लगेच थांबून काहीतरी गोड खावं. आणि फुफ्फुसात धूर न ओढल्याने तोंडाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही, हे माहीत असूनच हा शौक करावा. सोबत काळी, बिनसाखरेची कॉफी उत्तम. गोड पेयं रॅपरचा गोडवा खाऊन टाकतात.

उणिवा आहेतच. अधूनमधून एखादा घट्ट वळलेला निघतो, आणि दिसण्यावर भाळणाऱ्याने याच्याकडे येऊ नये. अधिक मऊ, मातकट गोडवा हवा असेल तर कनेक्टिकट ब्रॉडलीफ रॅपरचा चार्टर ओक किंवा ब्राझीलच्या आरापिराका पानाचा ब्रिक हाउस माडुरो चाखून बघा. दोन्ही खिशाला सोसणारे आहेत, पण गाभ्याचा भरीवपणा २००० चाच जास्त. आणि रॅपरचीच चव ठळक हवी असेल तर याच मालिकेतला लोंद्रेस माडुरो घ्या, साडेपाच इंच आणि ४२ गेजचा. जाडी कमी झाली की फिलर झपाट्याने घटतो, रॅपर त्या मानाने कमी घटतं, त्यामुळे प्रत्येक झुरक्यात काळ्या पानाचा वाटा वाढतो. फक्त बारीक सिगार लवकर तापतो, तेव्हा दोन झुरक्यांमधलं अंतर दीड मिनिटापर्यंत न्यावं लागेल.