मीटिंगचं इंग्रजी: आधी आखूड वाक्यं शिकावीत की अदबशीर?

वाळूज-शेंद्र्यातल्या व्हेंडर युनिटमधला क्वालिटी इंजिनिअर असो, जालन्याच्या सळई कारखान्यात मार्केटिंग बघणारी मुलगी असो की लातूरच्या डाळमिलमध्ये एक्स्पोर्टचे कागद सांभाळणारा पोरगा, आज ना उद्या प्रत्येकावर ही वेळ येतेच. परदेशातल्या ग्राहकाबरोबर ऑनलाइन मीटिंग लागते, सगळं बोलणं इंग्रजीत होणार असतं आणि तयारीला हातात चार-आठ दिवस असतात. अशा वेळी पाठ काय करायचं? ‘वी नीड टू मोअर डेज’ यासारखी आखूड, सरळ वाक्यं, की ‘आय वॉज वाँडरिंग इफ वी कुड हॅव टू मोअर डेज’ अशी लांब, अदबशीर वाक्यं?

वेळ कमी असेल तर आखूड वाक्यं आधी घ्या, असं मी ठामपणे सांगेन. अदबशीर वाक्यं फक्त दोन ठिकाणांसाठी राखून ठेवा: मतभेद आणि नकार.

सगळ्यात जास्त गरज पडते ती पुन्हा विचारण्याची. ‘आय बेग युवर पार्डन’ हे आता जुनाट वाटतं. नुसतं ‘व्हॉट?’ उद्धट वाटतं. ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ हे दोन्हींपेक्षा बरं, पण त्याने समोरचा सगळंच पहिल्यापासून सांगत बसतो. त्यापेक्षा जे निसटलं तेवढंच मागा: ‘द लास्ट नंबर, प्लीज?’ फिफ्टीन आणि फिफ्टी यांचा घोळ तर लाइन स्वच्छ असली तरी होतो. पंधरा पीस रिजेक्ट की पन्नास, यावर पुढचं सगळं ठरतं, म्हणून तिथल्या तिथे विचारा: ‘वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झिरो?’ इतकं नेमकं काम कुठलंही लांब वाक्य करत नाही. आपला लाखही परदेशी माणसाला कळत नाही. एक लाखाला ‘वन हंड्रेड थाउजंड’ म्हणा, दहा लाखांना ‘वन मिलियन’.

रिजेक्शनच्या मीटिंगमध्ये तर दोन्हींतला फरक लख्ख दिसतो. ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर पार्टला बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची धारदार कोर, सापडली, तुम्हाला तातडीने कॉलवर घेतलं. पुस्तकी तयारीचा माणूस सुरुवात करतो, ‘वी डीपली रिग्रेट द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड टू यू.’ ईमेलमध्ये हे शोभतं. पण समोरच्याचा जीव त्याची लाइन थांबेल की काय यात अडकलेला असतो. त्याला हे ऐकायचं असतं: ‘द लॉट इज ऑन होल्ड. वी आर सॉर्टिंग हंड्रेड परसेंट. द रूट कॉज इज नॉट कन्फर्म्ड येट. आय विल शेअर इट ऑन फ्रायडे.’ चार आखूड वाक्यं, आणि क्रमही बरोबर. एट-डी रिपोर्टमध्येसुद्धा, म्हणजे तक्रार सोडवण्याच्या आठ पायऱ्यांच्या अहवालात, माल अडवणं तिसऱ्या पायरीवर येतं आणि मूळ कारण चौथ्या. ‘सॉरी’ एकदाच म्हणा, मनापासून म्हणा आणि पुढे चला. पहिल्याच कॉलवर ‘ऑपरेटर मिस्टेक’ म्हणून मोकळं होणं मात्र टाळा. ते कारण ग्राहक सहसा मान्य करत नाही, आणि आपल्या माणसावरही तो अन्याय होतो.

मतभेदाचं उलट आहे. तिथे ‘यू आर राँग’ किंवा ‘नॉट पॉसिबल’ म्हटलं की बोलणं तुटतं. ‘आय सी युवर पॉइंट, बट अवर डेटा शोज समथिंग एल्स’ हे लांब असलं तरी पाठ करण्याजोगं आहे. नकारासाठी ‘वी कान्ट डू इट बाय मंडे, बट वी कॅन डू इट बाय वेन्सडे’. नकार आणि पर्याय एका दमात. मात्र अदब फार ताणू नका. ‘मे बी’, ‘पर्हॅप्स’ची रांग लावली की सरळ बोलण्याची सवय असलेल्या ग्राहकाला आपण काहीतरी लपवतोय असं वाटू शकतं.

आपल्याकडे समोरच्याला तोंडावर नाही म्हणवत नाही. ‘बघू की’, ‘करून टाकू’ हे आपलं प्रेमाचं बोलणं. इंग्रजीत त्याचं ‘यस यस, वी विल ट्राय’ होतं आणि मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या लेखी नोंदीत, ते वचन म्हणून लिहिलं जातं. त्याऐवजी ‘आय विल कन्फर्म बाय थर्सडे, टू पीएम इंडिया टाइम’ म्हणा. शेवटचे दोन शब्द गाळू नका. आपले दुपारचे २ म्हणजे जर्मनीत उन्हाळ्यात सकाळचे १०.३० आणि हिवाळ्यात ९.३०.

मीटिंग तुम्हालाच चालवायची असेल तर आखूड वाक्यांवर निभावतं: ‘शॅल वी स्टार्ट?’, ‘लेट्स मूव्ह ऑन’, आणि प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी ‘हू विल डू इट, अँड बाय व्हेन?’ मधेच बोलायचं असेल तेव्हा ‘वन मिनिट, वन मिनिट’पेक्षा ‘मे आय कम इन हिअर?’ चांगलं. एखादा विषय ‘टेबल’ करू, असं मात्र म्हणू नका. ब्रिटिश माणूस तो विषय चर्चेला घेईल आणि अमेरिकन बाजूला ठेवेल. ‘लेट्स डिस्कस इट टुडे’ किंवा ‘लेट्स डू इट नेक्स्ट वीक’ म्हटलं की प्रश्नच मिटतो. ‘प्रीपोन’ही पुण्यापर्यंत चालतं. बाहेरच्यांना ‘कॅन वी मूव्ह इट टू टेन थर्टी?’ असं विचारा.

ग्राहक फक्त पुण्या-मुंबईचा असेल तर निम्मी मीटिंग हिंदी-मराठीतच होते आणि त्यात कमीपणा काही नाही. तेव्हा आकडे, तारखा आणि कोण काय करणार एवढंच इंग्रजीत पक्कं करा. मिनिट्स तेवढ्यावरच लिहिले जातात.