जुन्या फोर बाय फोरचं अ‍ॅव्हरेज पडलंय: आधी पंप-नोझल उतरवायचं की आधी चाकं उघडायची?

जुनी थार, एमएम ५४० किंवा जिप्सी जास्त तेल प्यायला लागली की आपल्या भागात दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. एक मिस्त्री म्हणतो, इंजिनात डिझेल सोडणारा पंप आणि नोझल उतरवून कॅलिब्रेट करून घ्या. दुसरा म्हणतो, चाकं उघडू, ब्रेक धरतोय का बघू. खर्चात मोठा फरक, आणि पैसे एकाच कामाला पुरतील अशी परिस्थिती असते. खानापूर, बेळगाव, निपाणी किंवा पलीकडच्या चंदगडातले जे लोक आज या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. गाडी काळा धूर टाकत नसेल आणि सकाळी पहिल्या सेल्फला चालू होत असेल, तर आधी चाकं.

पण त्याच्याही आधी, अ‍ॅव्हरेज खरंच पडलंय का हे बघायला हवं. सीमेवर राहणाऱ्या माणसाची एक सवय इथे आड येते. दर कमी दिसेल तिथे तेल भरायचं: कधी कोगनोळीच्या अलीकडे, कधी पलीकडे, कधी गोव्यातून येताना. पेट्रोल पंप बदलला की टाकी भरताना तिथलं नोझल कुठे बंद होतं तेही बदलतं. २० लिटरच्या भरण्यात २ लिटरचा फरक पडला तर हिशेब १० टक्क्यांनी चुकतो. तोच २ लिटरचा फरक १०० लिटरमध्ये २ टक्केच राहतो. म्हणून एकच पेट्रोल पंप धरा, प्रत्येक वेळी टाकी फुल करा, आणि चार-पाच टाक्यांचे लिटर व किलोमीटर एकत्र करून भागाकार करा.

रस्ताही तोच हवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत साखळीला उतरलात तर अ‍ॅव्हरेज छान दिसेल, आणि परतीच्या चढात सगळं वसूल होईल. जाऊन-येऊनचा आकडाच खरा. तो हायवेवरच्या निपाणी-बेळगाव फेरीशी ताडून बघू नका.

तिसरी गोष्ट टायर. जुन्या कॉमन रेल (संगणकाने डिझेल सोडणाऱ्या) थारचा मूळ टायर २३५/७० आर १६. त्याजागी २४५/७५ आर १६ टाकला तर चाक ५ टक्क्यांनी मोठं होतं आणि मीटर तेवढंच कमी धावतं. जिप्सीला २०५/७० आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ टाकला तर फरक जवळपास १० टक्के, म्हणजे मीटरच्या हिशेबाने ९ येतं ते प्रत्यक्षात १० च्या आसपास असतं. मड टायर रस्त्यावर जड चालतो, तो खर्च वेगळा आणि खरा आहे. पण मीटरमुळे हरवलेल्या किलोमीटरसाठी पंप उतरवण्यात अर्थ नाही.

एवढं करूनही आकडा पडलेलाच असेल, तर आता दोन्ही बाजू शेजारी ठेवून बघू.

चाकांची बाजू आपल्या भागात जास्त महत्त्वाची आहे, कारण आपला पाऊस आणि लाल माती. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात जूनपासून गाडी चिखलात चालते. कॅलिपरच्या पिनांत माती बसते, मागच्या ड्रममध्ये चिखल सुकतो, हँडब्रेकची केबल गंजून अर्धवट ओढलेली राहते. पावसानंतर गाडी महिनाभर उभी राहिली तर आणखी वाईट. ब्रेक पूर्ण धरला तर कळतं. हलका घासत असेल तर गाडी चालत राहते, आपण अ‍ॅक्सिलरेटर थोडा जास्त दाबतो आणि तेल तिथेच जळतं.

तपासणीला एक रुपया लागत नाही. ब्रेक फारसा न वापरता दहा-पंधरा किलोमीटर चालवा, शेवटी गाडी आपोआप थांबू द्या. मग चारही चाकांच्या हबजवळ हात न्या, पण पटकन टेकवू नका, भाजेल. एक चाक त्याच अ‍ॅक्सलच्या दुसऱ्या बाजूच्या चाकापेक्षा ठळकपणे गरम असेल तर गुन्हेगार सापडला. मग दुसरी चाचणी: सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० ला न्यूट्रल करा आणि गाडी किती लांब जाते बघा. इंजिन बंद करू नका, नाहीतर ब्रेक जड होतो. उतार आणि वारा कटावा म्हणून दोन्ही दिशांनी करा. ही नोंद ठेवली की पुढच्या वेळी तुलना करता येते, आणि मित्राची तशीच गाडी असेल तर लगेच.

याच बाजूला फोर बाय फोरचा लिव्हरही येतो. या गाड्यांना पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये सेंटर डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नाही. चिखलातून बाहेर आल्यावर फोर-एच (चारही चाकांना जोर) तसाच ठेवून डांबरावर चालवली तर वळणावर ट्रान्समिशन आवळतं, टायर घासतात, तेल जातं आणि ट्रान्सफर केसचंही आयुष्य कमी होतं. लिव्हर टू-एचला (दोनच चाकांना जोर) असून नुसते पुढच्या चाकांचे हब लॉक राहिले तर तोटा थोडा असतो, तेवढ्याने अ‍ॅव्हरेज निम्मं होत नाही. व्हील अलाइनमेंटचा दोष टायरच्या कडांवर वाचता येतो. हवा तर दर पंधरवड्याला बघाच, विशेषतः चिखलासाठी कमी केली असेल तर.

आता पंप-नोझल. जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल गाडीत या शंकेला आधार असतो. नोझल झिजलं की डिझेल फवाऱ्याऐवजी थेंबांनी पडतं, नीट जळत नाही, काळा धूर येतो. टायमिंग मागे गेलं तर ओढ कमी होते आणि थंड असताना पांढरा धूर दिसतो. निळा धूर ऑइलचा, त्याचा नोझलशी संबंध नाही. घाटात ओढ वाढावी म्हणून आधीच्या मालकाने पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलेलं असू शकतं, हे गाडी दुसऱ्या हाताने घेतली असेल तर नक्की विचारा.

मात्र काळा धूर म्हणजे नेहमी डिझेल जास्त, असं नाही. हवा कमी असेल तरी तोच धूर येतो. धुळीने बुजलेला एअर फिल्टर किंवा टर्बोचा फाटलेला होस अशा वेळी दोषी असतो. होसच्या जोडाशी ऑइलचा ओला डाग दिसला की तिथे बोट ठेवा. हे दोन्ही पंपाआधी बघायचे.

थर्मोस्टॅटही तसाच. गाडी तापते म्हणून तो काढून टाकण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. मग इंजिन कधी नीट गरम होत नाही, जास्त तेल मागतं आणि झिजतंही लवकर. वीस मिनिटं चालवूनही काटा खालीच असेल तर आधी नवा थर्मोस्टॅट बसवा. तापण्याचं कारण रेडिएटरमध्ये किंवा फॅनमध्ये शोधा.

क्लचचा संशय चढावर मिटतो: वरच्या गिअरमध्ये जोर दिल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर प्लेट सरकतेय. आणि डिपस्टिकवर ऑइल आपोआप वाढलेलं दिसलं, त्याला डिझेलचा वास असेल, तर गाडी चालवूच नका. फीड पंपाचा डायफ्राम किंवा सील फुटून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय.

मग निवड कशी करायची? मला महत्त्वाचा वाटतो तो फरक पैशाचा नाही. चाकं उघडली आणि दोष नाही सापडला, तरी ब्रेक साफ झाले, ग्रीस झालं, चोर्ला उतरताना गाडी भरवशाची झाली. पंप उतरवला आणि दोष तिथे नव्हता, तर चांगलं बसलेलं टायमिंग हललं. ते पुन्हा अचूक बसवणारा हात मिळाला नाही तर आधी नसलेला आजार गाडीला लागतो.

तरीही काही गाड्यांत इंजिन आधी. सकाळी सुरू व्हायला त्रास, सततचा काळा धूर, न्यूट्रलमध्ये एखादा सिलेंडर चुकल्यासारखी थरथर, यांतलं काही असेल आणि फिल्टर-होस ठीक असतील तर सरळ पंप-नोझलवाल्याकडे जा. कॉमन रेल थार असेल तर पहिला खर्च स्कॅनरचा. त्यात दोषाचा कोड नाही म्हणून गाडी निरोगी असं समजू नका. चालत्या गाडीत कूलंटचं तापमान आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचा आकडा वाचून घ्या. इंजेक्टर बदलायला कोणी सांगितलं तर आधी रिटर्नची चाचणी मागा: चार बाटल्यांत परतणारं डिझेल सारखं येतं की एकात जास्त. परतलेलं डिझेल टाकीतच जातं, पण जास्त परतणारा इंजेक्टर झिजलेला असतो. पेट्रोल जिप्सीत प्लग काढून रंग बघा. काजळी काळी असेल तर कार्ब्युरेटर, आणि एमपीएफआय (इंजेक्शनवाल्या) गाडीत ऑक्सिजन सेन्सर व तापमानाचा सेन्सर.

गॅरेजला जाताना टाक्यांचा हिशेब, टायरचा साइज, कोणतं चाक गरम लागलं आणि धुराचा रंग कागदावर लिहून न्या, आणि पंपाला हात लावण्याआधी फोन करायला सांगा.