शिडाच्या बोटीवर २४ इंची टीव्ही: एका हंगामाच्या वापरानंतर

ऑक्टोबरात बसवलेला टीव्ही मे अखेरीस उतरवला, म्हणजे बोटीचा एक पूर्ण हंगाम झाला. बोट ३० फुटी, फायबरची, आत डिझेल इंजिन. वापर कुटुंबाचा: मुंबई बंदर, मांडवा, सुट्टी लागून आली तर मुरूड-दिघीपर्यंत. टीव्ही २४ इंची, एचडी रेडी, बाहेरच्या अडॅप्टरवर चालणारा. चित्राबद्दल तक्रार नाही. केबिनमध्ये दीड-दोन मीटरवरून पाहायला २४ इंच पुरतात आणि एवढ्या अंतरावर फुल एचडीचा फरक फारसा जाणवत नाही. बोटीवरचा टीव्ही बिघडतो तो बहुधा वीजपुरवठ्यामुळे किंवा ब्रॅकेटमुळे, म्हणून इथे भर त्यावरच आहे.

खरेदी करताना आधी मागचं लेबल वाचा. त्यावर ‘डीसी १२ व्होल्ट, ३ अँपियर’ असं छापलेलं असेल आणि अडॅप्टर वेगळा असेल, तर तो टीव्ही बोटीच्या कामाचा. आपल्या बाजारात सात ते दहा हजारांत मिळणारे बरेच २४ इंची टीव्ही थेट २३० व्होल्टवर चालतात. त्यांचा पॉवर बोर्ड आतच असतो. ‘उघडून आतून बारा व्होल्ट देऊन टाकू’ असं सांगणारे मेकॅनिक भेटतात, पण पडद्यामागच्या एलईडी पट्ट्यांना बारापेक्षा बरंच जास्त व्होल्टेज लागतं आणि अनेक मॉडेलमध्ये ते त्याच पॉवर बोर्डवर तयार होतं. तो बोर्ड काढला की आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. त्या वाटेला जाऊ नये. मनासारखा टीव्ही मिळाला नाही तर १२ किंवा १९ व्होल्ट अडॅप्टरचा कॉम्प्युटर मॉनिटर घ्यावा आणि त्याला स्ट्रीमिंग स्टिक लावावी. मॉनिटरला स्पीकर आहे का ते मात्र आधी पाहून घ्या. पडद्याचं पॅनेल शक्यतो आयपीएस, म्हणजे कोणत्याही कोनातून नीट दिसणारं असावं. केबिनमध्ये कोणी बाकावर बसलेलं असतं, कोणी पुढच्या बर्थवर आडवं. स्वस्त टीएन पॅनेल खालून पाहिलं की काळपट दिसतं.

इन्व्हर्टर लावून घरचाच टीव्ही चालवणं सोपं वाटतं, पण आमचं मत त्याच्या विरोधात आहे. बॅटरीतले बारा व्होल्ट २३० करायचे आणि अडॅप्टरने पुन्हा बारावर आणायचे, यात दोन्ही ठिकाणी वीज वाया जाते. इन्व्हर्टर नुसता चालू असला तरी करंट खातो. शिवाय खारट दमट केबिनमध्ये, ओल्या हातांची मुलं वावरत असताना, २३० व्होल्टचा प्लग ठेवण्याचं काही कारण नाही.

टीव्ही बारा व्होल्टचा आहे म्हणून बॅटरीला थेट जोडायचा मोह होतो. बोटीचे बारा व्होल्ट नेमके बारा कधीच नसतात. भरलेली लेड-ॲसिड बॅटरी स्वस्थ असताना १२.७ व्होल्ट दाखवते, चार्जिंगला १४.४ च्या आसपास जाते, इक्वलायझेशन (बॅटरीचं मुद्दाम केलेलं जादा चार्जिंग) चालू असेल तर १५ च्या वर. इंजिनाचा स्टार्टर त्याच बॅटरीवर असेल तर स्टार्ट करताना ती क्षणभर १० च्याही खाली येते. अडॅप्टर मात्र टीव्हीला स्थिर बारा देत असतो आणि आतले कपॅसिटर त्याच हिशोबाने निवडलेले असतात. थेट जोडणी काही महिने चालतेही. मग एखाद्या दिवशी बॅकलाइट जातो आणि दोष खाऱ्या हवेवर ढकलला जातो. यावर उपाय म्हणजे मध्ये डीसी-टू-डीसी कन्व्हर्टर: इनपुट ९ ते ३६ व्होल्ट, आउटपुट स्थिर १२ व्होल्ट ५ अँपियर. तो बक-बूस्ट जातीचा हवा, म्हणजे बॅटरी बाराखाली गेली तरी बाहेर बाराच निघतात. नुसता बक, म्हणजे फक्त व्होल्टेज उतरवणारा, घेतला तर संध्याकाळी बॅटरी ११.९ ला आली की टीव्ही आपोआप बंद-चालू होऊ लागतो. पूर्ण इपॉक्सीत बुडवलेला, ॲल्युमिनियमच्या खोक्यातला घ्या. उघड्या सर्किटची पट्टी स्वस्त मिळते, पण समुद्रावर एका पावसाळ्यात हिरवी पडते. १९ व्होल्टच्या मॉनिटरसाठी तसाच १९ व्होल्ट आउटपुटचा कन्व्हर्टर लागतो.

वायर कल्हई केलेल्या तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटर. स्विच पॅनेलपासून टीव्हीपर्यंत ५ मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर वायर. ३ अँपियरला अडीचच्या वायरमध्ये साधारण ०.२ व्होल्ट पडतात, एक चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये अर्धा व्होल्ट. पॅनेलच्या टोकाला ५ अँपियरचा फ्यूज. फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो, त्यामुळे तो बॅटरीच्या बाजूलाच हवा, टीव्हीजवळ लावून उपयोग नाही. टर्मिनल क्रिंप करून (पकडीने दाबून) वर गोंदवाली हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा. टीव्हीचा गोल डीसी प्लग ५.५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा असतो, पण आतलं भोक २.१ किंवा २.५ असू शकतं. चुकीचा प्लग बसल्यासारखा वाटतो आणि लाटेच्या पहिल्या दणक्याला संपर्क सोडतो. पिनची मधली बाजू पॉझिटिव्ह आहे हे लेबलवरच्या चित्रावरून खात्री करून मगच जोडा. काटकोनी प्लग घ्या आणि वायर ब्रॅकेटला केबल टायने बांधा, म्हणजे ओढ सॉकेटवर येत नाही. एचडीएमआयचंही तसंच. हंगामभरात सैल झालं असेल तर हेच दोन सॉकेट.

कन्व्हर्टर बसवल्यावर व्हीएचएफची, म्हणजे बोटीवरच्या बोलायच्या रेडिओची, चाचणी चुकवू नका. आतलं स्विचिंग रेडिओ लहरी सोडतं आणि त्या १५६.८ मेगाहर्ट्झच्या, संकटाच्या हाकेच्या चॅनेल १६ वर जाऊन बसू शकतात. एआयएसची (जहाजांची जागा आपोआप कळवणाऱ्या यंत्रणेची) १६२ मेगाहर्ट्झच्या आसपासची दोन्ही चॅनेल तिथून जवळच आहेत. चाचणी सोपी आहे. टीव्ही बंद ठेवून चॅनेल १६ वर स्क्वेल्च (खरखर दाबणारी खुंटी) हळूहळू वाढवा आणि खरखर जिथे नुकती थांबते तिथे सोडा. मग टीव्ही लावा. खरखर पुन्हा सुरू झाली तर गडबड आहे. स्क्वेल्च आणखी वाढवून खरखर दाबू नका, कारण त्याने दूरचे हलके सिग्नलही दाबले जातात, अगदी मदतीची हाकसुद्धा. कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजूंच्या वायरवर फेराइटचे क्लिप (रेडिओ लहरी शोषणारी कडी) लावा, आतून वायरचे दोन-तीन वेढे घ्या, आणि ॲन्टेनाच्या केबलपासून ही वायर लांबून न्या. एवढ्याने बहुतेक वेळा निभावतं. नाही निभावलं तर कन्व्हर्टर बदला. मुंबई बंदरात मालवाहू जहाजं, फेरीबोटी आणि मच्छीमार बोटी यांच्या गर्दीत व्हीएचएफ नीट ऐकू येणं टीव्हीपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

जागा ठरवताना होकायंत्र आठवा. तीस फुटी बोटींत केबिनची पुढची आडवी भिंत, म्हणजे मुख्य बल्कहेड, टीव्हीसाठी सोयीची. केबिनच्या मागच्या भिंतीवर, दाराशेजारीही टीव्ही छान बसतो, पण कित्येक बोटींवर त्याच भिंतीच्या दुसऱ्या बाजूला, कॉकपिटकडे (सुकाणूजवळच्या उघड्या जागेकडे) तोंड करून, होकायंत्र असतं. टीव्हीच्या स्पीकरमध्ये चुंबक असतात आणि फळी चुंबकाला अडवत नाही. निदान एक मीटर अंतर ठेवा. भोकं पाडण्याआधी एकाने टीव्ही हातात धरून ठरलेल्या जागी, ब्रॅकेट जिथवर फिरेल तिथवर फिरवावा आणि दुसऱ्याने काटा पाहावा. काटा हलला तर जागा बदला. ऑटोपायलटचा फ्लक्सगेट सेन्सर, म्हणजे त्याचं विजेवरचं होकायंत्र, बाकाखाली किंवा कपाटात दडलेला असतो, तोही शोधून ठेवा. होकायंत्राजवळून जाणाऱ्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह वायर एकमेकींना पिळून न्या.

मुख्य बल्कहेडवर भोक पाडताना पलीकडे काय आहे ते पाहा. अनेक बोटींत डोलकाठीच्या बाजूच्या तारा ज्या पट्ट्यांना येऊन मिळतात, त्या चेनप्लेट याच भिंतीला बोल्ट केलेल्या असतात. त्यांच्या आसपास ड्रिल लावू नये. प्लायवूडची कड उघडी पडली तर तिथून पाणी शिरतं, म्हणून भोकाला आतून इपॉक्सी लावून घ्या. लाकडात पिळायचे स्क्रू वापरू नयेत. १२ मिलिमीटरच्या प्लायला आरपार एम६ बोल्ट आणि पलीकडून आधाराची पट्टी, हे योग्य. टीव्हीचं वजन जेमतेम ३ किलो, पण ब्रॅकेट ३० सेंटिमीटर बाहेर ओढलेलं असताना बोट लाटेवर आपटली की मुळाशी येणारा झटका त्याच्या कितीतरी पट असतो.

ब्रॅकेट कारवान-मोटरहोमसाठी बनतं तसं, बंद स्थितीत खटका बसणारं घ्या. घरच्या भिंतीचं फिरतं ब्रॅकेट घर्षणावर थांबतं, आणि बोट २० अंश कलली की टीव्ही आपला आपण उताराकडे फिरतो. गॅसच्या दांडीवर उचलणारी ब्रॅकेटं तर नकोच, त्यांच्या दांड्या गंजतात. शिडं चढवण्याआधी ब्रॅकेट बंद, खटका लागला आहे ना हे हाताने पाहायचं आणि वरून एक वेल्क्रोचा पट्टा. टीव्हीसोबत येणारे एम४ स्क्रू साध्या लोखंडाचे, वर पॉलिश. ते फेकून ३१६ ग्रेड स्टेनलेसचे लावा. लांबी मूळ स्क्रूइतकीच ठेवा, जास्त लांब स्क्रू आत बोर्डला टेकतो. ब्रॅकेट ॲल्युमिनियमचं आणि स्क्रू स्टेनलेसचे, अशा जोडीत खाऱ्या दमटपणामुळे ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये नायलॉनचा वॉशर आणि आट्यांवर गंजरोधक पेस्ट लावली तर वर्षाने स्क्रू सुटतो, नाहीतर ड्रिलने काढावा लागतो. दुहेरी फोम टेपने काहीही चिकटवू नका, अगदी रिमोटचा खिसाही. एप्रिल-मेमध्ये बंद केबिन तापली की टेप सरकते.

कार्यक्रम कुठून आणायचे? डीटीएच छत्री बोटीवर चालत नाही. ६० सेंटिमीटरच्या छत्रीची नजर जेमतेम तीन अंशांची असते, आणि नांगरावरची बोट भरती-ओहोटीबरोबर अख्खी फिरते. स्वतः तोल सांभाळणाऱ्या घुमटाकार ॲन्टेना मिळतात, पण त्यांची किंमत लाखांत आणि वजन या आकाराच्या बोटीला न शोभणारं. आपल्या किनाऱ्यावर व्यवहार्य पर्याय मोबाइल इंटरनेटचा. राउटर केबिनच्या तळाशी ठेवला तर तो जवळजवळ पाण्याच्या पातळीला असतो. तोच हॅचखाली (छतातल्या झडपेखाली) छताला लावला की फरक लगेच दिसतो. डोलकाठीवर ॲन्टेना चढवून पातळ आरजी-५८ केबल खाली आणली, तर १० मीटरमध्ये तीन चतुर्थांशाहून जास्त सिग्नल केबलच गिळते आणि उंचीचा फायदा बराचसा वाया जातो. डोंगराच्या आड गेलेल्या खाडीत नांगर टाकला की इंटरनेटचा भरवसा धरू नये. त्यासाठी पेनड्राइव्ह. पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारात फॉरमॅट केलेला असेल तर त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि सगळे टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत, म्हणून घरीच लावून पाहावा. फोनवर डाउनलोड केलेला सिनेमा ऐनवेळी टीव्हीवर पाठवता येईल असं गृहीत धरू नका. कास्टिंगला बहुधा इंटरनेट लागतंच, आणि काही ॲप केबलवरूनही चित्र देत नाहीत.

स्ट्रीमिंग स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नये. त्यातून बऱ्याचदा अर्धा अँपियरच मिळतो, स्टिकला एक लागतो, मग ती मध्येच रीस्टार्ट होते. पाच व्होल्टचा वेगळा सॉकेट द्या.

हिशोब असा: टीव्ही २४ वॉट, म्हणजे कन्व्हर्टरच्या तुटीसह बॅटरीतून साधारण २.२ अँपियर. स्टिक आणि राउटर मिळून एक अँपियर धरा. दोन तासांच्या सिनेमाला साडेसहा अँपियर-तास. १०० अँपियर-तासाच्या लेड-ॲसिड बॅटरीतले ५० च वापरायचे असतात. त्यात रात्रभरचा एलईडी नांगरदिवा दोन-अडीच घेतो. फ्रिज असेल तर खरा खादाड तो, दिवसाला तीस-चाळीस. १०० वॉटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला तीसच्या आसपास परत देतं. आयपीएलचा सामना चार तास चालतो हे लक्षात ठेवून संध्याकाळीच व्होल्टमीटर पाहावा. बॅकलाइट निम्म्यावर आणला की वापर चांगलाच उतरतो आणि रात्री केबिनमध्ये डोळ्यांनाही तेवढा उजेड पुरतो. कारखान्यातून येणारी ‘व्हिव्हिड’ सेटिंग दुकानाच्या झगमगाटासाठी असते. रिमोटने बंद केल्यावरही टीव्ही आणि कन्व्हर्टर मिळून दिवसाला एखादा अँपियर-तास खातात. आठवडाभर बोट मुरिंगवर (पाण्यातल्या कायमच्या बांधणीवर) एकटी असते, म्हणून स्विच पॅनेलवरचा टीव्हीचा स्विच खाली पाडूनच उतरायचं.

आवाज हा या टीव्हीचा कमजोर भाग. स्पीकर मागे तोंड करून, आणि मागे बल्कहेड. बोटीच्या १२ व्होल्ट स्टिरिओला हेडफोन जॅकमधून जोडलं तर ‘हूं’ असा गुरगुराट येऊ शकतो, कारण दोघांचं अर्थिंग दोन वेगळ्या वाटांनी बॅटरीला जातं. मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावला की तो जातो. ब्लूटूथ असेल तर प्रश्नच नाही.

सिनेमापलीकडचा उपयोग आम्हाला जास्त मोलाचा वाटला. निघायच्या आदल्या रात्री इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचा समुद्रस्थितीचा अंदाज आणि लॅपटॉपवरचा नकाशा मोठ्या पडद्यावर लावला की लाटांची उंची, वाऱ्याची दिशा आणि खाडीच्या तोंडाशी भरतीची वेळ सगळे मिळून पाहतात. मुलंही प्रश्न विचारतात. हातातल्या फोनवर हे होत नाही. रात्री शिडावर असताना मात्र टीव्ही बंद ठेवा. केबिनमधला निळसर उजेड कॉकपिटमध्ये येतो आणि अंधाराला सरावलेली नजर जाते.

उष्णता आणि दमटपणा यांपैकी दमटपणा जास्त घातक. टीव्हीच्या मागे हवा खेळायला तीन-चार सेंटिमीटर मोकळे ठेवा आणि जाळ्या टेपने बंद करू नका, आतली वाफ आतच राहते. सॉकेटमध्ये डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात. पडदा पुसायला गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं मऊ कापड. कोरड्या कापडाने मिठाचे कण घासले जाऊन ओरखडे पडतात. मेमधले वळवाचे ढग दिसले की डीसी प्लग आणि एचडीएमआय दोन्ही उपसून ठेवा. डोलकाठीवर वीज पडली तर पॅनेलचा स्विच तिला थांबवणार नाही.

पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारी बंदी १ जूनला सुरू होते. त्याच सुमारास, बोट वर काढण्याआधी टीव्ही उतरवून घरी न्या. ब्रॅकेट तिथेच राहू द्या, पण त्याचे सांधे एकदा खोलून, गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून ग्रीस करा. टीव्ही सिलिका जेलच्या पुड्यांसह मूळ खोक्यात, उभा ठेवा. आडवा ठेवून वर काही रचलं तर पॅनेलला तडा जातो. महिन्यातून एकदा तासभर घरच्या अडॅप्टरवर चालवा, आतल्या उष्णतेने दमटपणा निघतो. बोटीवर राहिलेल्या डीसी प्लगला ग्रीस लावून त्यावर रबरी टोपी चढवा आणि त्या सर्किटचा फ्यूज काढून ठेवा.