हिरवे गोळे दोनच! (मॉलिक्युलर मॉडेल किट, वर्षभराच्या वापरानंतर)

गोळे म्हणजे अणू, काड्या म्हणजे त्यांना जोडणारे बंध; बाकी रंग, भोकं हे सगळं पेटीवर छापलेलं आहे, त्यात शिरत नाही. बारावीच्या शिकवणीसाठी घेतलं. प्लास्टिक दणकट, अजून एकही काडी मोडलेली नाही. तक्रार एकच: क्लोरीनचे हिरवे गोळे फक्त दोन!

आता दोन क्लोरीनमध्ये इंडक्टिव्ह इफेक्ट (एखाद्या अणूने बंधांतून इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढणं) शिकवून दाखवा. ॲसिटिक ॲसिडचा पीकेए (आम्लाच्या तीव्रतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) 4.76. एक हायड्रोजन काढून क्लोरीन लावला की 2.86, दुसरा लावला की 1.3 च्या आसपास. तिसरा लावल्यावर 0.7 च्या घरात, म्हणजे मूळ आम्लापेक्षा दहा हजार पटींहून तीव्र. धड्याचा कळस तिथे, आणि नेमकी तिथेच पेटी रिकामी.

कस्टमर केअर म्हणालं, ‘सर, हॅलोजनचा पॅक वेगळा घ्यावा लागेल.’ किंमत जवळपास निम्म्या किटएवढी. एका गोळ्यासाठी? हायड्रोजनलाही भोक एकच असतं. मुलीचं हिरवं नेलपॉलिश मागून घेतलं, पांढरा गोळा रंगवला. जरा कुपोषित क्लोरीन, पण काम भागलं.

सुरुवातीला मी तीनच स्टार दिले होते. कारण काडी सगळीकडे सारखीच. इलेक्ट्रॉन कुठे झुकलेत, कुठे किंचित धन प्रभार आलाय, काही दिसत नाही. मार्करने काड्यांवर बाण काढावे लागतात.

मत बदललं ते क्लोरोब्युटॅनॉइक ॲसिडमुळे. साध्या ब्युटॅनॉइकचा पीकेए 4.82. कार्बोक्झिल (COOH, म्हणजे आम्लाचा गट) हा पहिला कार्बन धरून क्लोरीन दुसऱ्या कार्बनवर असेल तर 2.86, तिसऱ्यावर 4.05, चौथ्यावर 4.52. क्लोरीनची ओढ सिग्मा बंधांतून (म्हणजे साध्या एकेरी बंधांतून) जाताना कशी ओसरते, हे मी साखळी हातात धरून सांगत होतो. एका विद्यार्थिनीने ती सहज फिरवली आणि विचारलं, ‘सर, हा शेवटचा क्लोरीन वळून कार्बोक्झिलजवळ आला की! मग परिणाम काड्यांतूनच जायला हवा का?’ अगदी बरोबर. मधल्या अवकाशातूनही प्रभार जाणवतो, त्यालाच फील्ड इफेक्ट म्हणतात, आणि दोन्ही वाटांचा वाटा वेगळा काढणं अवघडच असतं. फळ्यावरच्या सपाट साखळीत हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता.

म्हणून आता चार स्टार. पाचवा हिरव्या गोळ्यापायी कापला, तो मिळणार नाही.

क्लोरोबेंझिनसाठी घेत असाल तर मात्र राहू द्या. तिथे क्लोरीन रिंगमधून इलेक्ट्रॉन ओढतो आणि रेझोनन्सने (आपली इलेक्ट्रॉनची जोडी रिंगभर पसरवून) थोडे परतही देतो. ते समजवायला खडू-फळाच बरा.