एजंटला सिंकची स्थिती तपासायला सांगायचं, तर थेट क्वेरी बरी की वेगळं टूल?

एका डेटाबेसमधले बदल दुसरीकडच्या प्रतीत उतरवत राहणं म्हणजे सिंक. डेटा कुठवर आला, सिंक अडकलं तर नाही ना, हे एआय एजंटनं स्वतःच बघावं यासाठी दोन रस्ते आहेत. पहिला, डेटाबेसचा फक्त वाचण्यापुरता अ‍ॅक्सेस देऊन क्वेरी त्यालाच लिहू द्यायच्या. दुसरा, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलवर (एजंटला बाहेरची टूल जोडण्याची ठरलेली पद्धत) एक छोटं टूल बनवायचं. पाइपलाइनचं, म्हणजे डेटा वाहून नेणाऱ्या यंत्रणेचं, नाव दिलं की ते स्थिती सांगतं. काम दोन्हींनी होतं.

थेट क्वेरीला तयारी फारशी लागत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये वेगळा रोल, त्याला पीजी_मॉनिटर या देखरेखीसाठीच्या तयार रोलचं सदस्यत्व, लागतील तेवढ्या टेबलांवर सिलेक्ट आणि ५ सेकंदांचा स्टेटमेंट टाइमआउट, एवढं पुरतं. बिघाडाचा माग काढायला हाच रस्ता सरस वाटतो. स्लॉट (प्रतीनं कुठवरचे बदल घेतले याची स्रोताकडची नोंद) निष्क्रिय का, तर सबस्क्रिप्शनचा (प्रतीच्या बाजूनं बदल मागवणारी जोडणी) वर्कर पडतोय. तो का पडतोय, तर एकाच युनिक कीवर (तीच किंमत दुसऱ्यांदा न घेणारा रकाना) दर वेळी आपटतोय. पोस्टग्रेसच्या आवृत्ती १५ पासून अशा चुकांची मोजणी पीजी_स्टॅट_सबस्क्रिप्शन_स्टॅट्समध्ये मिळते. असा धागा पकडून खोल जाणं ठरावीक साच्याच्या टूलला जमत नाही.

अडचण येते ती रोजच्या साध्या प्रश्नाला. ‘ऑर्डरचं टेबल ताजं आहे का?’ असं विचारलं की एजंट शेवटच्या बदलाची वेळ काढतो, ती ३ तासांपूर्वीची दिसते आणि तो सांगतो, ‘सिंक ३ तास मागे आहे.’ पण मूळ टेबलात ३ तास काही बदललंच नसेल तरी आकडा हाच येतो. पोस्टग्रेसच्या स्टँडबायवर (प्रत ठेवणारा सर्व्हर) शेवटच्या रीप्ले झालेल्या ट्रान्झॅक्शनची वेळ आत्ताच्या वेळेतून वजा केली, तर प्रायमरी (मूळ सर्व्हर) शांत असताना फरक वाढतच जातो; प्रत मात्र पूर्ण जुळलेली असते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये उलटं होतं. तिथला ‘किती सेकंद मागे’ हा आकडा प्रतीकडे पोचलेल्या नोंदींपुरताच मोजतो, त्यामुळे नेटवर्क संथ असलं तरी ० दिसू शकतो. आणि रेप्लिकेशन (प्रत जुळवत राहणं) थांबलं की तिथे नल, म्हणजे ‘किंमतच नाही’, येतं. नल म्हणजे शून्य नव्हे.

माणूस अशा ठिकाणी थबकतो. एजंट ठामपणे उत्तर देऊन मोकळा होतो. सूचनांमध्ये हे सगळं लिहून ठेवता येतं, पण लांबलेल्या संवादात ते निसटतं. शिवाय क्वेरी दर वेळी वेगळी: सकाळी शेवटची वेळ, संध्याकाळी रोंची (टेबलातल्या ओळींची) संख्या. मग दोन उत्तरं एकमेकांशी ताडून बघायची तरी कशी? माझा कल टूलकडे झुकला तो प्रामुख्यानं या एका त्रासामुळे.

टूलमध्ये हा निवाडा एकदाच लिहावा लागतो. त्यासाठी हार्टबीट लागतो: स्रोतात एका रोचं टेबल, दर मिनिटाला त्यात आत्ताची वेळ, आणि तो बदल त्याच पाइपलाइनमधून पलीकडे. पलीकडची वेळ ताजी असेल तर स्रोत शांत आहे, शिळी असेल तर सिंक अडकलंय. डेटाबेसमधले बदल टिपून पुढे पाठवणाऱ्या डेबेझियममध्ये ही सोय आहे, फक्त ती मुळात बंद असते. मध्यांतर आणि टेबल अपडेट करणारी क्वेरी या दोन्ही सेटिंग भराव्या लागतात. कमी वर्दळीच्या डेटाबेसवर याचा आणखी एक फायदा: स्लॉट पुढे सरकत राहतो आणि वॉल (पोस्टग्रेसची बदलांची नोंदवही) साचून डिस्क भरत नाही.

मात्र हार्टबीट साक्ष देतो ती पाइपलाइनची, प्रत्येक टेबलाची नव्हे. पब्लिकेशनमध्ये (स्रोतानं पाठवायच्या टेबलांची यादी) नवं टेबल घातलं, पण सबस्क्रिप्शनच्या बाजूला ती यादी पुन्हा वाचणारी रिफ्रेश पब्लिकेशन ही आज्ञा चालवायची राहिली, तर हार्टबीट ताजा आणि ते टेबल रिकामं. म्हणून टेबलवार स्थितीही द्यावी. पोस्टग्रेसच्या पीजी_सबस्क्रिप्शन_रेल या टेबलात ‘आर’ दिसलं म्हणजे टेबल तयार.

उत्तराचा आकार लहान ठेवावा: शेवटच्या रनचा (पाइपलाइनच्या एका फेरीचा) निकाल, शेवटच्या यशस्वी रनची वेळ, हार्टबीटचं वय, आणि ‘ताजं’, ‘मागे’, ‘थांबलेलं’, ‘पहिली प्रत चालू’, ‘माहीत नाही’ यांपैकी एक शब्द. वेळ टाइमझोनच्या ऑफसेटसह द्यावी आणि वय सेकंदांत टूलनंच काढून द्यावं, कारण आत्ता किती वाजले हे मॉडेलला आपोआप कळत नाही. स्थिती मिळालीच नाही तर रिकामी यादी परत करू नये; रिकाम्या यादीचा अर्थ एजंट ‘तक्रार नाही’ असा लावतो. तिथे एररचा ध्वज उभा करावा. ‘पुन्हा सिंक करा’ हे बटणही याच टूलमध्ये नको, नाहीतर साध्या चौकशीतून अख्खा डेटा पुन्हा ओढला जायचा.

पाइपलाइन पुरवणाऱ्या सेवेचं एपीआय जसंच्या तसं एजंटला जोडणं हा तिसरा मार्ग दिसतो, पण ‘यशस्वी’ म्हणजे रन चुकीशिवाय संपला एवढंच. ० रो आणणारा रनही यशस्वीच असतो.

टूलचा सांभाळ करावा लागतो, हे खरं. एकच पाइपलाइन असेल आणि चौकशी क्वचितच होत असेल, तर थेट क्वेरीवर भागावं. रोज विचारणा होत असेल तर मी टूलच घेईन, आणि क्वेरीचा अ‍ॅक्सेस निदानापुरता बाजूला ठेवीन.

टूल हाती देण्याआधी तीन गोष्टी करून बघाव्यात: हार्टबीट चालू ठेवून बाकी स्रोत अर्धा तास शांत ठेवायचा, मग सबस्क्रिप्शन डिसेबल करायचं, आणि शेवटी टूलला चुकीचा पासवर्ड द्यायचा. ‘ताजं’, ‘थांबलेलं’ आणि ‘माहीत नाही’ अशी तीन वेगळी उत्तरं यायला हवीत. एकही चुकलं तर टूल अजून तयार नाही.