जगभरातल्या देवदेवतांचा कार्ड सेट: गोष्टी भारी, पण ते पॉवरचे आकडे कशाला?

आधीच सांगते, मुलांसाठी किंवा स्वतःसाठी घ्यायचा विचार असेल तर जरूर घ्या, चार स्टार देतेय. एक स्टार का कापला तेच लिहायचंय.

पत्त्यांपेक्षा जरा मोठी, जाड कार्डं आहेत, पुढे देवाचं चित्र, मागे एक छोटी गोष्ट आणि खाली पॉवर, बुद्धी, राग असे आकडे. ज्याचा आकडा मोठा तो समोरच्याचं कार्ड घेतो, एवढाच खेळ. छपाई मस्त आहे, कोपरे अजून दुमडलेले नाहीत.

गोष्टी मात्र खरंच मनापासून निवडल्यात. इनान्नाचं कार्ड वाचाच. प्राचीन इराकमधल्या सुमेरची ही देवी प्रेमाची पण आणि युद्धाची पण, ती पाताळात जाते, सात दरवाजे लागतात आणि प्रत्येक दरवाजावर अंगावरची एकेक वस्तू काढून द्यावी लागते, मुकुट, हार, शेवटी वस्त्रसुद्धा, आणि आत पोचल्यावर पाताळाची राणी एरेश्किगल तिला मारून हुकाला टांगते. नंतर एन्की देव नखांतल्या मळापासून दोन जीव बनवून तिला सोडवायला पाठवतो, पण पाताळाचा नियम असा की बदल्यात कुणीतरी द्यायचं. ती वर येऊन बघते तर नवरा डुमुझी शोक वगैरे काही न करता थाटात सिंहासनावर बसलेला. गेला तोच! या इनान्नाची स्तोत्रं अक्कडच्या सार्गोन राजाच्या मुलीच्या, उर शहरातली पुजारीण एन्हेदुआन्ना हिच्या नावावर आहेत, म्हणजे साधारण ४३०० वर्षांपूर्वीच्या बाईच्या, आणि नावानिशी माहीत असलेली जगातली पहिली लेखिका म्हणून तिचंच नाव घेतात. ही ओळ कार्डावर हवीच होती, नाहीये.

आता या इनान्नाला पॉवरचा आकडा काय देणार? जी मरते आणि परत येते तिला जास्त की कमी? सेटवाल्यांनी मधलाच कुठलातरी देऊन टाकलाय.

सगळ्यात जास्त खटकलं टीरच्या बाबतीत. नॉर्स म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या देवांना फेनरिर नावाच्या राक्षसी लांडग्याला बांधायचं होतं, लांडगा म्हणाला कुणीतरी माझ्या तोंडात हात ठेवा तरच बांधून घेईन, सगळे देव एकमेकांकडे बघत राहिले आणि एकटा टीर पुढे झाला. दोरी सुटत नाही म्हटल्यावर लांडग्याने हात तोडला, आणि तो तुटणार हे टीरला माहीत होतं. एवढी गोष्ट कार्डावर नीट दिलीये आणि खाली पॉवर त्यांच्याच वीजदेवाच्या, थोरच्या, निम्मी! गोष्ट एक सांगते, आकडा भलतंच सांगतो, आणि मुलं खेळताना आकडाच बघतात ना.

दुसरी तक्रार सोबतच्या तक्त्याबद्दल. ‘समान देव’ म्हणून झ्यूस, इंद्र, थोर आणि शांगो एका रांगेत टाकलेत, कारण काय तर वीज. अरे पण इंद्र वृत्राला मारून अडवलेलं पाणी मोकळं करतो, थोर हातोडा घेऊन राक्षसांपासून राखण करतो, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांचा शांगो तर ओयो राज्याचा राजा होता असं त्यांची परंपरा सांगते. वीज हातात असली म्हणून सगळे एकच कसे होतील?

त्याऐवजी देव खरोखर कुठून कुठे गेले ते दाखवायला हवं होतं. आपली सरस्वती बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेली आणि बेंझाइतेन झाली, हातात वीणेच्या जागी बिवा हे जपानी तंतुवाद्य आलं, आणि तिथल्या सात भाग्यदेवांमध्ये जाऊन बसली. गणपती पण गेला, तिथे तो कांगितेन. आणि तुर्कस्तानात बोगाझकॉयला सापडलेल्या हित्ती आणि मितान्नी या दोन प्राचीन राज्यांमधल्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य (म्हणजे अश्विनीकुमार) यांना साक्षीला बोलावलंय, तेही इसवीसनपूर्व १४व्या शतकात! असं एखादं कार्ड असतं तर मी पाच स्टार दिले असते.

तुलना जिथे चित्रातून आपोआप होते तिथे मात्र सेट फार सुंदर आहे. इजिप्तची नूत म्हणजे आकाश, ती बाई, कमान करून वाकलेली, आणि खाली पसरलेला गेब म्हणजे पृथ्वी, तो पुरुष. शेजारी न्यूझीलंडच्या माओरी लोकांचं कार्ड ठेवा, तिथे रंगी हा आकाशबाप आणि पापा ही पृथ्वीआई एकमेकांना घट्ट मिठी मारून, मधे अंधारात पोरं चेंगरलेली, मग त्यातला एक मुलगा ताने पाठीवर झोपून पायांनी बापाला वर ढकलतो. जपानची सूर्यदेवता अमातेरासू स्त्री, नॉर्स सूर्यही स्त्रीच आणि चंद्र पुरुष. मुलं हे लगेच पकडतात आणि प्रश्न विचारत सुटतात.

नॉर्स गोष्टी मुख्यतः १३व्या शतकात आइसलँडमध्ये लिहिल्या गेल्या, तोवर तिथे ख्रिस्ती धर्म येऊन दोनशे वर्षं झाली होती, हे कुठेच दिलेलं नाही. मोठ्या वाचकांसाठी हे कळणं गरजेचं आहे.

आम्ही आकडे बाजूला ठेवून खेळतो, कार्ड उचलायचं, मागचं न वाचता गोष्ट सांगायची, पूर्ण सांगता आली तर कार्ड आपलं. असं खेळलात तर आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या कुणालाही चालेल, त्याहून लहानांना इजिप्तच्या सेखमेत देवीचं कार्ड आधी स्वतः वाचून मग द्या, रक्तपात बराच आहे त्यात.